क्वार्टर सोडताना फिल्मचे डबे भंगारात घालू नका

भिलाईत निवृत्तीनंतर सेक्टरमधली क्वार्टर सोडायची वेळ आली की माळ्यावरचं सगळं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. त्यात गंजका, गोल, पत्र्याचा फिल्मचा डबा असेल तर तेवढा बाजूला काढा. ही कळकळीची विनंती आहे.

हरवलेला चित्रपट अशा एखाद्या डब्यातूनही परत मिळू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर सापडलेला रिन टिन टिन हा कुत्रा पुढे हॉलिवूडचा मोठा नट झाला. त्याचा 1930 चा बोलपट ‘द मॅन हंटर’ हरवलेला मानला जातो. ‘क्लॅश ऑफ द वुल्व्ह्ज’ हा 1925 चा त्याचा मूकपटही गेलाच असं सगळे धरून चालले होते. त्याची प्रत निघाली थेट दक्षिण आफ्रिकेत! मग भिलाईत का निघू नये?

‘आलम आरा’ हा देशाचा पहिला बोलपट 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. नायक आपले मास्टर विठ्ठल. आज या बोलपटाची एकही प्रत हाती नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणींकडे पोचले, तेव्हा रिळं चांदी काढायला विकून टाकल्याचं त्यांना इराणींच्या मुलाकडून कळलं. फिल्मवरच्या चांदीपायी असे कितीतरी चित्रपट वितळले.

1955 नंतर भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूर-विदर्भाकडून कितीतरी मराठी घरं इथे आली, ट्रंकांसकट. कुणाचे आजोबा तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर असतील, कुणाकडे गाण्यांची जुनी पुस्तिका असेल. तीही जपायलाच हवी.

मात्र सांभाळून. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळची 35 मिलिमीटरची फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती चिकट होते, फुगते, शेवटी तपकिरी भुकटी होते, आणि भडकली तर पाण्यानेही विझत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात ती पत्र्याखाली ठेवणं धोक्याचं आहे. कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’ की ‘सेफ्टी’ छापलंय, ते सहज दिसलं तर बघा. रीळ उलगडू नका, पुसू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. जवळ बिडी, उदबत्ती, दिवा नको. डबा सावलीत, गार आणि हवेशीर जागी ठेवा. पोस्टाने किंवा कुरियरने तर मुळीच पाठवू नका.

डब्याचा, त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. अर्धंच रीळ असलं तरी कळवा. क्वार्टर सोडायची तारीख ठरली असेल, तर माळा आजच बघा.