तासावरच्या मॅडम

आमच्या महिला मंडळात एक प्राध्यापिका येतात. येतात म्हणजे, सुट्टी असली तर. एरवी सकाळी डबे करायचे, एसटी धरून तालुक्याचं गाव गाठायचं, शिकवायचं आणि परत. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, पण कॉलेजच्या लेखी त्या 'सीएचबी', म्हणजे तासिका तत्त्वावरच्या. जेवढे तास तेवढे पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत, पैसेही नाहीत. एम.ए., नेट, पीएच.डी. सगळं झालंय. नववं वर्ष चालू आहे.

परवा त्यांनी यूजीसीची 2018 ची नियमावली दाखवली. मी आपली साधी बी.ए., पण दोनदा वाचली. पदोन्नतीचं मूल्यमापन करताना बाळंतपणाच्या, बालसंगोपनाच्या रजेचा काळ वगळावा, त्या रजेमुळे कुणाचं नुकसान होऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वाचून बरं वाटलं. चला, बाईचा विचार केला कुणीतरी! मॅडम म्हणाल्या, "ताई, रजा असेल तर वगळतील ना? धाकटीच्या वेळी सहा महिने घरी होते, ते नुसतेच बिनपगारी. मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत."

खरी गंमत पुढेच आहे. हंगामी, कंत्राटी नोकरीची वर्षंही पदोन्नतीसाठी धरता येतात. पात्रता हवी, निवड रीतसर समितीने केलेली हवी, हे समजू शकतं. पण आणखी एक अट आहे: मिळणारा पगार कायम प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावा. आता तो काय मॅडमनी ठरवला? आधी कमी द्यायचं, आणि कमी मिळालं म्हणून वर्षं मोजायची नाहीत! पीएच.डी. असलेल्या कायम सहायक प्राध्यापकाला चार वर्षांनी वरची श्रेणी मिळू शकते. मॅडमची उद्या ऑर्डर निघाली तरी मोजणी एकपासून.

तासावर पुरुषही राबतात, मान्य. पण दूर कुठे जागा निघाली तर ते बॅग भरून निघतात. बाईला आधी मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधं बघावी लागतात. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, यावर त्यांचा राग होता. इथे कागदावर न्याय एकच आहे, म्हणून भांडायचं कुणाशी तेच कळत नाही. निदान ती पगाराची अट तरी काढा, एवढंच मॅडमचं म्हणणं.

नव्या वर्षाची जाहिरात येईलच. मॅडमनी फाईल लावून ठेवली आहे. फोटो तेवढा नवा काढायचा राहिलाय.