माती सुधारायची, पण कोणाच्या नावावर?

चेन्नईत पारंपरिक तांदूळ आणि सेंद्रिय भाजीचे सध्या बरेच कौतुक होते. पीएचडीमुळे मी इथे राहते, ही चर्चा ऐकते, आणि तिच्यातला शेतीचा भाग मला पटतो. हिरवळीचे खत, तलावातला गाळ, शेतात बसवलेले शेळ्या-मेंढ्यांचे कळप यांनी जमिनीचा कस सुधारतो, यात शंका नाही. माझा प्रश्न 'परंपरा' या शब्दाला आहे. ती कोणाच्या हातांनी चालत होती?

तमिळ गावातल्या एरीतून, म्हणजे तलावातून, गाळ उपसणारे, शेणखत वाहणारे, चिखलात पाला तुडवणारे हात मुख्यतः पण्णैयाळांचे, म्हणजे जमीनदाराशी बांधलेल्या परय्यर-पळ्ळर मजुरांचे. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा नीरकट्टीही अनेक गावांत दलितच. मातीचे ज्ञान त्यांचे, माती मात्र मिरासदारांची.

चेन्नईला लागून असलेल्या चेंगलपट्टूचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी १८९१ मध्ये हे दैन्य अहवालात मांडले. १८९२ मध्ये मद्रास सरकारने अस्पृश्यांना जमिनी देण्याचा निर्णय घेतला. याच त्या पंचमी जमिनी. पहिली दहा वर्षे त्या विकता येत नव्हत्या. नंतरही फक्त अस्पृश्यांनाच विकता येत. तरीही मोठा हिस्सा इतरांच्या घशात गेला. करणै गावच्या पंचमी जमिनीच्या लढ्यात १० ऑक्टोबर १९९४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात जॉन थॉमस आणि एळुमलै शहीद झाले.

याचा मातीच्या आरोग्याशी थेट संबंध आहे. धैंचा पेरून गाडायचा तर दीड-दोन महिने शेत अडकते, आणि फळ दिसायला काही वर्षे जातात. पुढच्या वर्षी हेच शेत कसायला मिळेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ही गुंतवणूक का करावी? तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये हिरवळीच्या खतासह मातीच्या आरोग्यासाठी मोठी योजना जाहीर केली. पण नावावर जमीनच नसेल, तर सुधारलेल्या मातीचा फायदा शेवटी मालकालाच.

आपल्याकडे वेगळे काय आहे? मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरानातले दगड वेचून, बांध घालून पडीक जमीन पिकाखाली आणली. कागदावर ते आजही 'अतिक्रमण' ठरते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्याला साठ वर्षे उलटली.

म्हणून सेंद्रिय शेतीवाल्यांना माझे सांगणे एवढेच: माती वाचवण्याच्या मागण्यांत पंचमी आणि गायरान जमिनींचा हक्क पहिल्या ओळीत लिहा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माती घडवली, त्यांना वगळून केलेली मातीची पूजा ही जुनी मिरासदारीच आहे.