चारुदत्ताच्या घरी चोरी

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे जिन्यावरून वर-खाली हिंडणाऱ्या वस्तूंत फराळाच्या ताटाखालोखाल मान असतो तो दिवाळी अंकाचा. एकाने विकत घ्यावा, चार बिऱ्हाडांनी वाचावा आणि पाचव्या बिऱ्हाडात त्याचे मुखपृष्ठ गळून पडावे, अशी ही जुनी रीत आहे. या रीतीवर संपादकांनीही कधी फारसे डोळे वटारले नाहीत. कारण अंक कितीही हिंडला तरी तो एका वेळी एकाच्याच हाती असतो, आणि वाट पाहून कंटाळलेला एखादा वाचक शेवटी स्वतःची प्रत विकत घेतोच. गेल्या काही वर्षांत मात्र नवीच रीत पडली आहे. अंक बाजारात येऊन चार दिवस होत नाहीत तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवरून गावभर होते. पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसते. उलट आपण मराठी साहित्याची सेवाच करीत आहोत, अशा प्रसन्न मुद्रेने तो पुढच्या ग्रुपकडे वळतो.

वाचकहो, दचकू नका. ऐन सणात तुम्हांला उपदेशाचा काढा पाजण्याचा माझा मुळीच विचार नाही. मला सांगायची आहे ती हकीकत पुस्तकांची नसून खेळांची आहे. घराघरांतील मुले मान खाली घालून ज्यांत बुडालेली असतात, त्या मोबाइलवरच्या खेळांची. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

मोबाइलवरचा खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोठल्या तरी अजस्र कंपनीची काचेची इमारत उभी राहते. तशा कंपन्या आहेतच. पण पुष्कळसे नामांकित खेळ दोघा-चौघांनी मिळून केलेले असतात. एकाने चित्रे काढायची, दुसऱ्याने आज्ञावली लिहायची आणि संगीतासाठी एखाद्या मित्राला गाठायचे, असा हा घरगुती मामला. २०१४ सालच्या फेब्रुवारीत 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा एक गोड खेळ निघाला. एशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोघांनी, संगीतकार जिमी हिन्सन यांच्या साथीने तो केला होता. चार बाय चार घरांचा पट, सरकणारे आकडे, एवढाच पसारा; पण तो इतका साधा होण्यासाठी चौदा महिने खर्ची पडले. साधे लिहिणे सर्वांत कठीण, हे आम्ही निबंधाच्या तासाला सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

आता अशा खेळाची चोरी होते कशी ते पाहू. अँड्रॉइडच्या फोनवर खेळ येतो तो एका गाठोड्यासारखा. गूगलच्या दुकानातून ते गाठोडे पैसे देऊन घ्यावे, हा राजमार्ग. पण हा फोन मुळातच मोकळ्या स्वभावाचा असल्यामुळे बाहेरून आणलेले गाठोडेही तो मालकाच्या परवानगीने उघडतो. हा मोकळेपणा चांगल्या कामांसाठी ठेवला होता. चोरांनी त्याचा लाभ घेतला. २०१० मध्ये गूगलने खेळकर्त्यांना एक कुलूप दिले. खेळ सुरू होताना दुकानाला विचारतो, 'या गृहस्थांनी पैसे दिले आहेत ना?' चोर काय करतो, तर गाठोडे सोडतो, हा प्रश्न विचारणारा भाग खुडून टाकतो, पुन्हा गाठ मारतो, तिच्यावर स्वतःची मोहोर उठवतो आणि गाठोडे चव्हाट्यावर ठेवून देतो. आयफोनची व्यवस्था बंद दाराची असल्याने तेथे हा उद्योग अवघड. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

हे प्रमाण किती असावे? लंडनच्या अस-टू या संस्थेचा 'मॉन्युमेंट व्हॅली' हा खेळ २०१४ मध्ये आला. डोळ्यांना फसवणारे मनोरे, अशक्य जिने आणि त्यांतून वाट काढणारी एक मुकी राजकन्या असा तो देखणा खेळ. आठ माणसांच्या मुख्य चमूने ५५ आठवडे खपून केलेला. २०१५ च्या जानेवारीत या मंडळींनी आपला जमाखर्च जगापुढे मांडला. आयफोन आणि आयपॅडवर जेथे जेथे हा खेळ बसवला गेला, त्यांपैकी सुमारे ४० टक्के ठिकाणी त्याचे पैसे आले होते. अँड्रॉइडवर हा आकडा होता ५ टक्के! उरलेले सगळेच चोर नव्हेत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. एकदा पैसे दिलेला माणूस तोच खेळ फोनवरही बसवतो आणि टॅबलेटवरही. ती सूट दिली तरी उरलेली तफावत मोठीच होती.

येथे मला राहून राहून शर्विलकाची आठवण होते. देवलांच्या नाटकाने आपल्या ओळखीचा करून दिलेला, शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला तो विद्वान चोर. जानव्याने माप घेऊन तो चारुदत्ताच्या भिंतीला सुरेख भोक पाडतो. बाहेरून वाडा भव्य, तेव्हा आत घबाड असणार असा त्याचा हिशेब. आत शिरून पाहतो तो मृदंग, वीणा आणि बासऱ्या! घर कलावंताचे आहे आणि कलावंत कफल्लक आहे, हे त्याला कळते ते आत गेल्यावर. जे दागिने अखेर त्याच्या हाती लागतात ते चारुदत्ताचे नसतातच. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ती ठेव असते. खेळ फुकटात उतरवून घेणाऱ्याचा हिशेब असाच चुकतो. त्याला वाटते, आपण वाडा फोडला. प्रत्यक्षात मात्र कोणाच्या तरी पुढल्या खेळाचे भांडवल त्याच्या हाती आलेले असते.

मग या चारुदत्तांनी करावे काय? त्यांनी केलेले उपाय पाहण्यासारखे आहेत.

ऑस्ट्रेलियातील पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या बंधूंनी चोराची थट्टा करायचे ठरवले. त्यांच्या 'गेम डेव्ह टायकून' या खेळात आपण स्वतः खेळ तयार करणारी कंपनी चालवायची असते. २०१३ च्या एप्रिलमध्ये संगणकासाठी त्याची विक्री सुरू झाली, त्याच वेळी त्यांनी 'चोरीची' म्हणून एक प्रत स्वतःच बाजारात सोडली. तीत एकच फरक. काही वेळ खेळल्यावर खेळणाऱ्याच्या कंपनीचे खेळ लोक चोरू लागतात आणि त्याचे दिवाळे वाजते. एका दिवसानंतर हिशेब केला तो असा : विकत घेतलेल्या प्रती २१४, फुकट्या प्रती निदान ३,१०४. गंमत पुढेच आहे. त्या फुकट्यांपैकी काहींनी चारचौघांत गाऱ्हाणे मांडले की, 'आम्ही एवढ्या कष्टाने केलेले खेळ लोक चोरतात हो, याला काही उपाय सांगा!' पुढे हा खेळ फोनवर आला तेव्हा हीच अवघड तऱ्हा हौशी खेळाडूंसाठी मुद्दाम ठेवण्यात आली.

दुसरा उपाय हताशपणाचा. झेक देशातील मॅडफिंगर या संस्थेने 'डेड ट्रिगर' हा खेळ २०१२ मध्ये अवघ्या एका डॉलरच्या आतल्या किमतीला काढला. तेवढेही कोणी देईना, चोरी अतोनात होते, असे सांगून त्यांनी तो अँड्रॉइडवर फुकट करून टाकला. खेळाच्या आत शस्त्रे विकण्याचे दुकान मात्र चालू ठेवले. टोरांटोच्या स्नोमॅन या संस्थेने 'ऑल्टोज ॲडव्हेंचर' हा बर्फावरून घसरण्याचा खेळ आयफोनसाठी २०१५ मध्ये पैसे घेऊन विकला. वर्षभराने अँड्रॉइडवर आणला तो मात्र फुकट, जाहिरातींसह. एकच खेळ, पण एका दारी तिकीट आणि दुसऱ्या दारी जाहिरातीची पाटी!

तिसरा उपाय दुकान बदलण्याचा. २०१९ मध्ये ॲपल आणि गूगल या दोघांनीही महिन्याची वर्गणी भरून पुष्कळ खेळ खेळण्याची सोय काढली. आपल्याकडच्या फिरत्या वाचनालयासारखीच ही कल्पना आहे. वर्गणीदाराला पुस्तके, लेखकाला थोडे पैसे आणि चोराला काम उरू नये अशी व्यवस्था. अर्थात कोणते पुस्तक कपाटात ठेवायचे हे ठरवणार ग्रंथपाल, आणि हा ग्रंथपाल फार थोर असल्यामुळे लहान खेळकर्त्याला त्याच्या दाराशी ताटकळावे लागते.

मागे आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागल्या बाकावरचा एक चुणचुणीत विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, सायकल चोरली तर मालकाची सायकल जाते. खेळाची नक्कल केली तर मूळ खेळ जागच्या जागी असतो. मग गेले काय?" मुद्दा बिनतोड वाटावा असाच आहे, आणि तो केवळ मागल्या बाकावरचा नाही. 'माइनक्राफ्ट' या जगप्रसिद्ध खेळाचे जनक मार्कुस पेर्सोन यांनीही २०११ मध्ये काहीसे असेच मत मांडले होते. फुकट उतरवून घेणारा प्रत्येक माणूस एरवी गिऱ्हाईक झालाच असता असे नाही, हेही खरे. 'मॉन्युमेंट व्हॅली'चेच पाहा ना : एवढी चोरी होऊनही पहिल्या वर्षात तिच्या २४ लाखांवर प्रती विकल्या गेल्या, आणि सुमारे साडेआठ लाख डॉलर खर्चून केलेल्या मूळ खेळाने ५८ लाख डॉलर मिळवून दिले.

पण असे खेळ हजारांत एखादे. चोरीचा घाव यशस्वी खेळाला सोसतो, कारण त्याच्या अंगात रक्त पुष्कळ असते. पहिलाच खेळ घेऊन आलेल्या दोघा मित्रांना तो सोसत नाही. शिवाय 'गेले काय?' या प्रश्नाचे खरे उत्तर निराळेच आहे. गेली ती विकण्याची पद्धत. एकदा पैसे मोजावेत आणि मग खेळकर्त्याचा आपल्याशी संबंध उरू नये, हा व्यवहार पुस्तकाच्या खरेदीसारखा स्वच्छ होता. पैसे मोजायला कोणी तयार नाही असे दिसले तेव्हा खेळकर्त्यांनी पोटासाठी दुसरी वाट धरली. खेळ फुकट, पण दर दोन मिनिटांनी जाहिरात, दर पाच मिनिटांनी 'एवढी नाणी घ्या म्हणजे पुढे जाल' अशी गळ. अशा खेळात मुलाला आनंद किती झाला यापेक्षा ते किती वेळ बसले आणि पुन्हा कधी परतले याचीच मोजदाद होते. या बदलाला एकटी चोरीच कारणीभूत आहे असे मी म्हणणार नाही. फुकटचा मोह आणि मोठ्या कंपन्यांचा लोभ यांचाही त्यात वाटा आहे. पण चोरीने त्या वाटेला उतार करून दिला, एवढे निश्चित. खेळाचे पैसे आपण वाचवले असे वडिलांना वाटते, आणि ते पैसे मुलाच्या चित्तातून व्याजासह वसूल होत असतात.

चोरीचे आणखी एक भावंड आहे, तेही सांगून टाकतो. 'थ्रीज' निघाल्यावर महिन्याभरातच त्याच्या धर्तीचे खेळ निघाले, आणि त्यांतून पुढे गेब्रिएले चिरुल्ली या तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत '२०४८' हा खेळ गंमत म्हणून लिहून सर्वांना फुकट दिला. त्याने कोणाचे गाठोडे फोडले नव्हते. पण जग '२०४८' खेळू लागले, आणि चौदा महिन्यांचा मूळ खेळच पुष्कळांना नक्कल वाटला! कायदा येथे हात वर करतो. कारण कल्पनेवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती तिच्या प्रत्यक्ष रूपावर. कवींना हे दुःख नवे नाही.

आणि आता मराठीच्या प्राध्यापकाच्या अधिकाराविषयी. आपल्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी संगणकाच्या आज्ञावलीला स्थान कोठे द्यावे? 'साहित्यकृती' या व्याख्येत! कथा, कादंबरी आणि आज्ञावली कायद्याच्या पंगतीत शेजारी-शेजारी बसतात. चोरीची आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही या कायद्यात तुरुंग आणि दंड आहे. पण शिपाई बोलावून मुलाच्या हातचा फोन काढून घ्यावा असे कोणीही सुचवणार नाही. कायद्याने एक गोष्ट मात्र मान्य केली आहे, ती आपणही करावी : हे लिहिणेच आहे, आणि लिहिणाऱ्याला घर असते.

घरात करण्याजोगे फार थोडे आहे, पण आहे. बाहेरून आणलेल्या फुकट गाठोड्यात कोणी काय दडवले आहे हे आपल्याला दिसत नाही. आणि ज्या फोनवर ते उघडायचे त्याच फोनवर आपली बँकही असते. म्हणून निदान स्वार्थासाठी ते दार बंद ठेवावे. दुसरे असे की, यंदा ओवाळणीच्या ताटात भाचरांसाठी एखादा चांगला, एकदाच पैसे घेणारा, जाहिरात नसलेला खेळ घालावा. त्याची किंमत पुष्कळदा फटाक्यांच्या लहानशा पेटीहून कमीच असते. तो विकत घेताना मुलाला शेजारी बसवावे, खेळाच्या शेवटी नावांची जी यादी येते ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि विचारावे, 'बाळ, एवढा सुंदर खेळ किती जणांनी केला रे?' यादी लवकर संपते. मूल चकित होते. पुढचे त्याला सांगावे लागत नाही.