बिंदू दोन, घात एकाचा

घरातील वडीलधाऱ्या माणसाची नजर मंद होऊ लागली की, ‘मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढू,’ असे म्हणून घर निश्चिंत होते. या निश्चिंतीतच कित्येकांच्या दृष्टीचा कायमचा घात होतो. आणि त्याला रोगाइतकाच शब्दांचा घोळही कारणीभूत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी. स्वभाव मात्र दोन टोकांचे. बुबुळामागचे पारदर्शक भिंग बहुधा वयोमानाने धूसर होते, तो मोतीबिंदू. कोणत्याही थेंबांनी तो विरघळत नाही. शस्त्रक्रियेने ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसविले की, डोळ्याचा मागचा भाग शाबूत असल्यास, गेलेली नजर परत येते. असे भिंग हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ साली प्रथम बसविले. ‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आज नित्याच्या कामास अडथळा होऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. उलट अतिशय पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते, आणि क्वचित त्यामुळे डोळ्यातील दाबही वाढतो.

काचबिंदूची जात निराळी. डोळ्याच्या आत एक द्रव सतत पाझरतो आणि त्याचा निचराही होत असतो. निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणारी नस हळूहळू सुकते. काहींच्या बाबतीत दाब बेताचा असूनही नस सुकते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही तपासावी लागते. प्रथम कडेची नजर जाते. समोरचे बराच काळ नीट दिसते, बहुधा दुखतही नाही, म्हणून रोग्याला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते, तीही थेंब नेमाने घातले तर. आईवडील वा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असेल, त्याने चाळिशी लागण्याची वाट न पाहता डोळे तपासून घ्यावेत. डोळा एकाएकी लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली व उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरा घोळ ‘पडदा’ या शब्दाचा. धूसर दिसू लागले की आपण ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणतो. डॉक्टर मात्र पडदा म्हणतात तो डोळ्याच्या पाठीमागच्या दृष्टिपटलाला. मधुमेहात त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि आरंभी नजरेत काहीच फरक पडत नाही. तेव्हा मधुमेह्याने छान दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घेतलाच पाहिजे.

आमच्या सीमाभागात या घोळात आणखी भर पडते. फलक एका भाषेत, चिठ्ठी दुसऱ्या भाषेत, आणि रोगी तिसऱ्या भाषेत कण्हतो! आपल्या रोगाचे नाव आपल्या भाषेत कळणे हा काही भावनेचा चोचला नव्हे. डोळा राहणार की जाणार, हे कित्येकदा त्यावर ठरते. म्हणून नेत्रवैद्यांना आमची विनंती आहे की, चिठ्ठीवर रोगाचे नाव रोग्याच्या भाषेतही लिहावे. त्याला दोन ओळींपेक्षा अधिक श्रम पडत नाहीत.

आणि वाचकांनीही संकोच सोडावा. तपासणी झाल्यावर एकच प्रश्न ठामपणे विचारावा: दुखणे भिंगाचे, नसेचे, की पडद्याचे? भिंगाचे असेल तर सोयीने दिवस ठरविता येतो. नसेचे वा पडद्याचे असेल तर तेथे सवड नाही. हा भेद ज्या घराला कळला, त्या घरातील म्हातारा माणूस केवळ एका शब्दापायी आंधळा होणार नाही.