हातची बिअर आणि हातभट्टी

गेल्या ऑक्टोबरात पुतण्यानं मला बळंच बिअरच्या जत्रेला नेलं. जत्रा हा माझा शब्द, तो फेस्टिव्हल म्हणतो. गंगापूर धरणाच्या अंगाला मांडव घातलेला, गवतावर लाकडी बाकडी, एका बाजूला गिटारवाले आणि दुसऱ्या बाजूला नळ लावलेल्या टाक्यांची रांग. आत शिरताना पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना घेतला. महाराष्ट्रात दारू प्यायची तर कायद्यानं अजूनही परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. टाक्यांवर खडूनं लिहिलेल्या पाट्या होत्या : क्राफ्ट, हंगामी, स्थानिक. एका पाटीवर तर चक्क ‘नाचणी’. साडेचारशे रुपये ग्लास.

मी पुतण्याला विचारलं, “क्राफ्ट म्हणजे नेमकं काय रे?”

तो म्हणाला, “काका, कारखान्यातली नाही ही. हातची. थोडीथोडी बनवतात, त्या-त्या हंगामाची, त्या-त्या भागातल्या मालाची.”

म्हटलं, अरे, हे तर तू हातभट्टीचं वर्णन केलंस!

तो हसला. मी हसायला सांगितलं नव्हतं. मला खरोखरच समजून घ्यायचं आहे की हाताला हात जोडलेला असताना एका हाताला टाळ्या मिळतात आणि दुसऱ्याला बेड्या, हा काय न्याय आहे?

या ऑक्टोबरच्या बिअरची गोष्ट तिथल्याच एका पोरानं मोठ्या कौतुकानं सांगितली. पोरगा शिकलेला, बोलायला गोड. जर्मनीतल्या म्युनिकला 1810 साली राजपुत्राचं लग्न झालं, त्याची जत्रा भरली, ती अजून भरते. तिथली जुनी बिअर म्हणजे मार्झेन, मार्च महिन्यातली. 1553 साली बव्हेरियात नियम झाला की एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत बिअर गाळायची नाही, कारण उन्हाळ्यात ती नासते. मग लोक मार्चमध्येच जास्तीची, जरा कडक बिअर बनवून थंड तळघरात ठेवायचे आणि शरद ऋतू आला, पीक हाताशी आलं, की ती उघडायचे.

मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढं पेठ-सुरगाण्याकडचा डांग येत होता. आमच्याकडंही मार्चच. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो. बायापोरं अंधारात उठून झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर फुलं जनावरं खाऊन जातात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो. फुलं वेचायची आणि अंगणात वाळवायची. वाळली की तपकिरी होतात, थेट आमच्या बेदाण्यासारखी. मग ती कणगीत भरून ठेवायची. पावसाळ्यात घरात दाणा संपला की तीच उकडून खायची आणि पाऊस उघडला, भात-नागली पोटरीला आली, सणवार सुरू झाले, की त्यातलीच मूठ-पसा भिजत घालून गाळायची. मार्चचा माल, शरदातलं पिणं. म्युनिकच्या तळघराची कथा इंग्रजीत छापून टेबलावर ठेवलेली होती, कणगीचं नावसुद्धा कुठं नव्हतं.

कुणी म्हणेल, कायदा आहे, काय करणार. कायदा आहेच. पण तो कुणी आणि कशासाठी केला ते एकदा बघा. 1878 साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. त्याआधी घरोघर गाळली जाणारी दारू त्यानं गुन्हा केली आणि गाळण्याचा मक्ता पैसेवाल्यांकडं गेला. ठाणे-कुलाब्याकडं तर 1892 मध्ये खुद्द मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. फुलासाठी कायदा! झाडाखाली पडलेलं फूल घरात किती ठेवायचं तेही सरकार ठरवणार. आणि त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये काय गाळलं जात होतं? मोहच. तीच फुलं, तीच वाफ, तीच धार. फरक एवढाच की उरणच्या धारेवर सरकारला कर मिळत होता आणि डांगातल्या मडक्यातून काही मिळत नव्हतं. दारू वाईट म्हणून ती बंदी आली नव्हती, तिजोरीसाठी आली होती. पुढं 1949 चा दारूबंदी कायदा झाला, त्यामागची माणसं वेगळी होती, त्यांचा हेतूही वेगळा होता. त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या कायद्याला एकेक परवान्याचं दार पडत गेलं आणि प्रत्येक दार शहराच्या बाजूलाच उघडलं. 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, वाइनला सवलती मिळाल्या, विंचूरला वाइन पार्क झालं. 2007 मध्ये धान्यापासून मद्य बनवणाऱ्यांना अनुदान द्यायचं धोरण याच राज्यानं केलं. 2008 पासून सुलाफेस्ट भरू लागला, 2009 साली पुण्यात पहिली मायक्रोब्रुअरी आली. 27 जानेवारी 2022 ला तर सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. ओरड झाली म्हणून तो अडला, ते सोडा. मोहाच्या वाट्याला काय आलं? 2021 साली फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल झाली. म्हणजे फूल सुटलं, गाळणारा अडकलेलाच राहिला.

हे सगळं मी कोण सांगणार? मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षवाला. मध्यंतरी आमच्या घरानंही दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती. 2008-09 च्या मंदीत माल घेणाऱ्यानं हात वर केले, पैसे बुडाले आणि आम्ही बाग मुळासकट काढली. पण त्या सगळ्या वर्षांत आम्हाला ‘दारूवाले’ असं कुणी एकदाही म्हणालं नाही. आम्ही प्रगतिशील शेतकरी होतो. कृषी प्रदर्शनात आमच्या वडलांना नारळ आणि शाल मिळाली.

आता जे सांगायचं ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दसरा झाला की सुरगाण्याकडची एक टोळी आमच्याकडं छाटणीला यायची. दहा-बारा माणसं, बायका, कडेवरची पोरं. मळ्यातच पाचटाच्या खोपी घालून राहायची. टोळीतला सगळ्यात जाणता माणूस होता त्याला आम्ही बाबा म्हणायचो. येताना तो फडक्यात बांधून मोहाची फुलं आणायचा. विहिरीच्या पलीकडं, जांभळीखाली त्याचं मडकं असायचं. फुलं आणि पाणी, तिसरं काही नाही. आठवड्यानं भिजवण फसफसून थंडावलं की मडकं चुलीवर, वर गार पाण्याचं भांडं, नळी बांबूची. पहिली धार आली की तो ती कुणाला देत नसे, स्वतः पीत नसे. बोटानं चार थेंब जमिनीवर, काहीतरी पुटपुटणं, मग बाकीच्यांना. वाटी एकच, ती फिरायची. पोरगं जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेलं की त्यांच्याकडं हेच. वाटी फिरून झाली की मडकं पालथं. त्या पालथ्या मडक्याइतका कडक परवाना मी नंतर कुठल्या बारमध्ये पाहिला नाही.

एका साली कुणीतरी चुगली केली. गाडी आली. मडकं फोडलं, फुलं विहिरीजवळच्या चिखलात ओतली आणि बाबाला बसवून नेलं. वडलांनी दुसऱ्या दिवशी सोडवून आणलं, पण ते म्हणाले, आता मळ्यात हे नको, आपल्या नावाला बट्टा. पटण्यासारखं होतं, मलाही पटलं. पण माणसं दिवसभर राबून आल्यावर संध्याकाळी काहीतरी मागणारच. मग मीच तोड काढली : रोजी वाढवायच्या ऐवजी रोज माणशी एक चपटी. परवान्याच्या दुकानातली, सीलबंद देशी. कायदेशीर. दुकान गावात होतंच. पाच-दहा रुपयांची वाढ मागणारी टोळी चपटीवर राजी झाली आणि मी हिशोबात हुशार ठरलो.

बागाईतदारांना पुढचं कळेल. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात. ते औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. तेव्हा हातमोजे कोण घालत होतं? चिंधी बुडवायची आणि डोळ्यांवर फिरवायची. डब्यावर लिहिलेलं असतं की हे हाताळण्याआधी, हाताळताना आणि नंतरही दारू घ्यायची नाही. ते बारीक अक्षर मी वाचलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. बाबाच्या पोरानं दिवसभर पेस्ट लावली आणि संध्याकाळी माझ्या हातून चपटी घेतली. अर्ध्या तासात त्याचा चेहरा, मान, छाती लालबुंद. धाप लागली, उलट्या सुरू झाल्या, छातीत घण बसताहेत म्हणाला. ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात नेला. वाचला. पण चपटी काही सुटली नाही, ती मी लावली होती. टोळी दोन महिन्यांनी गावी जायची, दुकान बारमाही होतं. पुढं सात-आठ वर्षांनी तो गेला, तेव्हा पोट फुगलेलं होतं आणि डोळे हळदीसारखे झाले होते.

बाबाची धार बेकायदा, माझी चपटी कायदेशीर. ज्यांना दारूचा प्रश्न फक्त परवान्याचा वाटतो त्यांनी या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात.

आता उलट बाजू. हातभट्टीनं माणसं मरतात. मरतात हो. 2015 च्या जूनमध्ये मालाड-मालवणीत शंभरावर माणसं मेली. पण ती कशानं मेली? कारखान्यात वापरायच्या मिथेनॉलनं. शहराजवळच्या ज्या भट्ट्यांवर काळा गूळ, नवसागर आणि काय काय पडतं, त्यांना आणि बाबाच्या मडक्याला एकच नाव देणं ही सोय आहे, सत्य नव्हे. लपून करावं लागलं की विष मिसळणाऱ्याचं फावतं. उघड्यावर केलं तर तपासता येतं. त्या फेस्टिव्हलात टाकीतली बिअर तपासायला यंत्रं होती, कागद होते. मोहाच्या वाटीला तो कागद का मिळू नये?

गोव्यानं काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, 2016 मध्ये तिला वारशाचा मान दिला. मध्य प्रदेशानं गेल्या काही वर्षांत मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून परवानगी दिली, आदिवासी बचत गटांनी बनवायची. त्यातली एक जागा दिंडोरीच, पण तिकडची. आमच्या दिंडोरीला वाइन पावली, त्यांच्या दिंडोरीला मोह. आपल्याकडंही कधीतरी ते होईल, आणि मला भीती आहे ती तेव्हाचीच. उद्या मोहाची बाटली निघेल, तिच्यावर वारली चित्र असेल, खडूची पाटी लागेल, साडेसातशेला ग्लास जाईल आणि फुलं वेचणारीला किलोमागं तेवढेच मिळतील जेवढे आज मिळतात. असा परवाना मला नको आहे. द्यायचा तर गावच्या गटाला द्या, गावापुरता आणि सणापुरता द्या, आणि विकायचं की नाही ते तिथल्या बायकांना ठरवू द्या. परवान्याचं दुकान निम्म्या महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर बंद होतं, हा नियम आहेच की.

बायकांचं म्हणालो, कारण हे सगळं मी बाबाच्या बायकोपुढं एकदा मांडलं होतं. पोरगा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आजी नागली पाखडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, 1878 सुद्धा. मग म्हणाली, “दादा, तुमची बाटली बंद करा. बाबाची मी बघीन.” मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल. ती तिच्या बाजूनं बोलली.

तर त्या जत्रेत. नाचणीच्या टाकीमागं काळा टी-शर्ट घातलेला एक पोरगा ग्लास विसळत होता. त्यानंच मला ओळखलं. बाबाचा नातू. टोळीबरोबर यायचा तेव्हा तीन-चार वर्षांचा असेल, वेलीखाली झोळीत झोपलेला. “दादा, तुम्ही इकडं?” म्हणाला आणि एक ग्लास भरून पुढं केला. “नागलीची आहे. घ्या, पैसे नका देऊ, चवीला देतात तेवढी.”

मी घोट घेतला. वाईट नव्हती. थोडी कडवट, मागून भाकरीसारखा वास.

“तू प्यायलास का?”

“ड्यूटीवर बंदी आहे.”

“आणि घरी काय सांगितलंस?”

त्यानं इकडं-तिकडं बघितलं. “हॉटेलात कामाला आहे म्हणून. बिअर म्हटलं तर आजी घरात घ्यायची नाही.” पलीकडून कुणीतरी ग्लास मागितले, तसा तो ट्रे उचलून गेला.