पेपर फुटतो, कारण घोकता येतो

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरची आदली रात्र. चेंबूरच्या आमच्या घरी मुलीच्या तीन मैत्रिणी उजळणीला जमल्या होत्या. ‘हेबर पद्धतीत उत्प्रेरक कोणता?’ ‘लोह!’ उत्तर तयारच होते. ‘ते लोह करते काय?’ मी मध्येच विचारले. सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, ‘काका, हे परीक्षेत येत नाही.’ घराजवळच्या आरसीएफमध्ये अमोनिया याच पद्धतीने तयार होतो!

१२ मार्च २०२२ रोजी याच विषयाच्या पेपरचा काही भाग विलेपार्ल्यात एका परीक्षार्थीच्या मोबाइलवर सापडला. मालाडच्या एका खासगी क्लासच्या शिक्षकाला अटक झाली. फेरपरीक्षा झाली नाही. चर्चा झाली ती चोराची आणि बंदोबस्ताची. पण या मालाला गिऱ्हाईक का मिळते? प्रश्न कळला की उत्तर घोकता येते, म्हणून. ‘का’ विचारणारा पेपर तासभर आधी मिळून फारसे साधत नाही.

त्या रात्री मुलींनी वाद घालून शोधलेच: नायट्रोजनचा घट्ट बंध लोहाच्या पृष्ठभागावर सैल होतो. कुलपे जरूर वाढवावीत. पण आधी प्रश्न बदलावेत.