न घेतलेली उचल

नोकरीवर घेतलेल्या माणसाला काम शिकवायचे, त्या दिवसांचा पगार द्यायचा, आणि तो वर्ष-दोन वर्षांत दुसरीकडे निघाला की तोच पगार 'प्रशिक्षणाचा खर्च' म्हणून परत मागायचा, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोणाला काही वावगेच वाटेनासे झाले आहे. मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वकिली मला येत नाही. पण शिकवणे हा माझा धंदा आहे, आणि शिकवण्याची किंमत कोणी कोणाकडून वसूल करावी याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला तेवढ्याने मिळतो, अशी माझी समजूत आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास बीडकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघालेली असतील. मुकादमाकडून त्यांनी उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. या पद्धतीवर आम्ही लेखकांनी पुष्कळ अश्रू ढाळले आहेत. पण उचलीत निदान रोख रक्कम हाती पडते. तीतून मुलीचे लग्न होते, घरावर पत्रे चढतात. कारखान्यात अगर कचेरीत लागणाऱ्या तरुणाकडून जो बाँड भरून घेतात, त्यात त्याच्या हाती काहीच पडत नाही; कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसते. ही न घेतलेली उचल आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, डिप्लोमा झालेला, एका कारखान्यात लागला. तीन महिने 'प्रशिक्षण' होते. त्यांतले पंधरा दिवस त्याला कोणी काही सांगितले असेल नसेल; उरलेले अडीच महिने तो इतरांसारखाच पाळीवर उभा राहून माल काढीत होता. पुढे वडील अंथरुणाला खिळले, त्याने गावाजवळची नोकरी धरली, तेव्हा दीड लाखाची नोटीस आली. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती मालकाच्या कपाटात. हिशेब मागितला, तर उत्तर मिळाले, "आकडा करारात लिहिला आहे."

हे उत्तर पुरे नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 74 म्हणते की, करार मोडल्याबद्दलची रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. यावर मालकांचे कैवारी सर्वोच्च न्यायालयाच्या 14 मे 2025 च्या निकालाकडे बोट दाखवतात. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सोडली. बाँडाचे दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि मग दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. असा बाँड बेकायदा नाही, हे न्यायालयाने म्हटले, ते खरेच आहे. पण त्याची कारणेही वाचावीत. बँक सरकारी मालकीची. रिकामी जागा भरायची तर जाहिरात काढून खुली निवड करावी लागते. आणि अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने रक्कम इतकी मोठी नव्हती की राजीनामा देणेच अशक्य व्हावे. खासगी कारखान्यातल्या पोराला यांतले कोणते कारण लागू पडते? त्याच्या जागी दुसरा माणूस मालक उद्या सकाळी फाटकावरून उचलतो.

मालक म्हणेल, "आम्ही पैसे ओतून माणूस तयार करायचा, आणि शेजाऱ्याने तो पळवायचा, हा कोठला न्याय?" प्रश्न खोटा नाही. पण शेटजी, तुमच्याकडचे जुने कसबी कामगार कोठून आले? दुसऱ्या कोणाकडे शिकून तुमच्याकडे आले. तेव्हा त्या मालकाला तुम्ही काय पाठवलेत? आणि ज्या पोराला तुम्ही तीन महिने शिकवलेत, त्याला वाचायला आणि मोजमाप करायला शाळेने दहा वर्षे शिकवले होते. तो खर्च जनतेने केला. शाळेने तुम्हाला बिल पाठवावे काय?

शिवाय पगार ही शिकण्याबद्दलची बक्षिसी नव्हे. त्या दिवसांचे ते मोल आहे. दिवस त्याने दिले, पैसे तुम्ही दिले. व्यवहार तेथेच मिटला. आता पैसे परत हवे असतील, तर ते दिवस तुम्ही परत देणार आहात काय? आणि महिन्याच्या नोटिशीवर तुम्हीच त्याला काढलेत, तर तीन वर्षांच्या शब्दाची भरपाई तुमच्याकडून कोणी घ्यायची? त्याबद्दल करारात ओळ नसते.

बाहेरच्या संस्थेची फी भरून खरोखर शिकवले, आणि ते प्रमाणपत्र कामगाराच्या गाठीला कायमचे राहिले, तर त्या फीपुरता करार व्हायला माझी हरकत नाही. पावती दाखवावी, महिन्यागणिक रक्कम घटत जावी, आणि विनादोष काढून टाकल्यास ती माफ व्हावी. कॅलिफोर्निया राज्याने 2025 साली केलेला कायदा साधारण याच धर्तीचा आहे. 1 जानेवारी 2026 पासूनच्या करारांत नोकरी सोडल्याबद्दल कामगारावर कर्ज लादण्यास त्याने मनाई केली, आणि अशा शिक्षणाला अटींसह अपवाद ठेवला. आपल्याकडे एवढे व्हायला काय हरकत आहे?

तोवर नोकरीला लागणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना माझे सांगणे एवढेच. सही करण्याआधी आकड्याचा हिशेब लेखी मागा. बाँडाची एक प्रत स्वतःपाशी ठेवा. आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत दाखवा, पण कोणाच्या कपाटात ठेवू नका.